तिकीट गुरुवारचं होतं

*आलेलं पत्र (जागेअभावी आटोपतं केलंय):*

आक्का, नमस्कार. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला. वय ४७. घरची शेती, भात आणि रताळी. थोरला भाऊ शिकून पुण्याला नोकरीला लागला आणि तिकडचाच झाला. मी आई-आप्पांसाठी गावात राहिलो. आई सहा वर्षं अंथरुणाला होती, तिचं सगळं मी आणि घरच्यांनी केलं. आता आप्पा ८१ वर्षांचे आहेत, चालताना तोल जातो. दादा म्हणतोय, सहा महिने पुण्याला नेतो, चांगल्या डॉक्टरला दाखवतो, फिजिओथेरपी करू. मी नको म्हटलंय. माती सोडून माणूस जगतंय का? देवीला कौल लावला, तिसऱ्या खेपेला स्पष्ट आलं, पाठवू नको म्हणून.

यंदा इकडच्या साहित्य संमेलनात एक वक्ते ‘ययाती’वर बोलले. म्हणाले, प्रत्येक घरात एक पुरू असतो, तो आपलं तारुण्य बापाला देऊन टाकतो. लोक माझ्याकडं वळून बघायला लागले. छाती भरून आली. मग वाचनालयातून कादंबरी आणून वाचली आणि तेव्हापासून झोप उडालीय. एक गोष्ट मी २४ वर्षं कुणाला सांगितलेली नाही. मीपण पुण्याला नोकरीला गेलो होतो. चार महिने काढले. साहेब इंग्रजीत बोलायला लागले की घाम फुटायचा. आई पडल्याचा फोन शुक्रवारी आला आणि शनिवारी रात्री मी गाडीत बसलो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण ते तिकीट मी गुरुवारीच काढलेलं होतं. मी पळून येत होतो, आक्का. मग मी पुरू कसला? इतकी वर्षं केलं ते सगळं ढोंगच म्हणायचं का? आणि आप्पांना पाठवू का नको?

---

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र चार पानी आहे. वर छापलंय ते त्यातलं जेमतेम एक पान. मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुम्ही काय सांगताय ते ऐकायला, दुसऱ्यांदा काय सांगायचं टाळताय ते बघायला. तिसऱ्यांदा मात्र पेन्सिल हातात घेतली. मुलांना ३१ वर्षं मानसशास्त्र शिकवल्यावर लागलेली खोड आहे, राग मानू नका. पेन्सिलीनं काय काय मोजलं ते पुढं सांगते.

आधी तिकिटाचं बोलू, कारण तेच तुम्हाला टोचतंय.

तुम्ही घाबरून परत येत होता. बरं. तेवीस वर्षांचं पोर, चार महिन्यांत मेसचं जेवण आणि साहेबाचं इंग्रजी, कुणालाही वाटेल घर गाठावं. त्यात पाप काही नाही. गंमत पुढं झाली. शुक्रवारी फोन आला आणि तुमच्या भीतीला एकदम इज्जतीचं कारण मिळालं. गावाला तुम्ही खोटं सांगितलंच नाही. लोकच म्हणाले, आईसाठी धावत आला बघा, आणि तुम्ही गप्प राहिलात. जुने दुकानदार कच्ची वही आणि पक्की वही वेगळी ठेवायचे ना, तसं आपलं मन करतं. कच्च्या वहीत खाडाखोड असते, तिथं खरे आकडे असतात. रात्री बसून ते पक्क्या वहीत सुवाच्य उतरवायचे आणि कच्ची वही चुलीत घालायची. तुमचं वेगळं एवढंच की तुमची कच्ची वही जळाली नाही. गुरुवारचं तिकीट तुम्हाला अजून दिसतंय. माझ्या अनुभवात अशी माणसं थोडी.

फ्रॉइडच्या गोटातल्या अर्नेस्ट जोन्सनं १९०८ साली या सवयीला एक जडसं इंग्रजी नाव दिलं. आपल्याकडं त्याला आधीपासून सारवासारव म्हणतात आणि मला आपलाच शब्द जास्त आवडतो. ज्यानं शेणानं जमीन सारवलीय त्याला ठाऊक असतं की सारवण म्हणजे निव्वळ झाकापाक नव्हे. सारवल्याशिवाय त्या जमिनीवर बसताच येत नाही. फक्त खालची भेग रुंद होत गेली की दर आठवड्याला हात जास्त मारावा लागतो.

माझंच सांगते. माझी मुलगी आठवीत होती तेव्हा तिच्या वर्गातल्या शेजारच्या मुलीला मी फुकट गणित शिकवायची. गल्लीत माझं नाव निघायचं. सहामाहीला त्या मुलीला माझ्या मुलीपेक्षा सात मार्क जास्त पडले. पुढच्याच आठवड्यात माझी कंबर धरली. नाटक नव्हतं, खरंच धरली. उठता येईना, लेप लावला, शेकून घेतलं, शिकवणी बंद केली. चार दिवसांत कंबर मोकळी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला उमगायला आठ वर्षं लागली, आणि तोवर मी वर्गात मुलांना हाच धडा फळ्यावर लिहून शिकवत होते!

आता तुमचा खरा प्रश्न. पाळंमुळं भीतीत आहेत म्हणून झाडही खोटं का?

आतून प्रत्येक जण स्वार्थीच असतो, चांगुलपणा खरवडला की खाली मतलब निघतो, असं म्हणणारे शहाणे तुम्हाला पुष्कळ भेटतील. चार पुस्तकं वाचून ही हुशारी येते आणि ती फार आळशी हुशारी आहे. तुम्हीच तिसऱ्या पानावर लिहिलंय की आईला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यायचो, सहा वर्षांत एक जखम होऊ दिली नाही. पुण्याच्या साहेबाची भीती माणसाला गावात आणून सोडेल. रात्री दोन वाजता उठवून आईची कूस बदलायला लावणार नाही. पहिला पावसाळा सरायच्या आत ती भीती संपली असणार. मग उरलेली वर्षं कोण उठवत होतं?

गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३७ साली याचं चांगलं उदाहरण दिलं. एक माणूस पोटासाठी बोटीवर चाकरी धरतो. पुढं पैसा होतो, तो शहरात घर करून राहतो, पोटाचा प्रश्न उरत नाही, तरी त्याचा जीव समुद्रासाठी तुटत राहतो. ज्या कारणानं सुरुवात झाली ते कारण केव्हाच मेलं, नंतर जे आहे ते आपल्या पायावर उभं आहे. गुरुवारचं तिकीट काढणारा पोरगा आणि आईची कूस बदलणारा माणूस, दोघेही तुम्हीच. दुसऱ्याला ढोंगी ठरवायला पहिल्याची साक्ष काढू नका.

इथपर्यंत तुम्हाला बरं वाटलं असेल. आता पेन्सिल.

तुमच्या चार पानांत ‘रस्त्याकडंची अडीच एकर’ पाच वेळा आलीय. आप्पांच्या तब्येतीच्या पत्रात ती का आली असावी? एकदा तर वाक्य असं आहे: “आप्पा पुण्याला गेले आणि तिकडं कुणी काही सह्या घेतल्या तर रस्त्याकडंची अडीच एकर...” आणि पुढं टिंबं. रिंगरोडची चर्चा निघाल्यापासून शहराभोवतीच्या जमिनीला काय भाव बोलला जातो ते मला वडगावात घरी बसूनही ऐकू येतं. तुम्हाला जमिनीची काळजी वाटते, त्यात गैर काही नाही. तुम्ही कसलीय ती. पण मग तसं म्हणा. त्या अडीच एकरांना ‘माती सोडून माणूस जगतंय का’ हे धोतर नेसवू नका.

आणि तो कौल. तिसऱ्या खेपेला स्पष्ट आला म्हणता. भाऊ, पहिल्या दोन खेपांना काय आलं होतं?

हसू आलं म्हणून चिडू नका, तिकडचे शिकलेले लोकही तेच करतात. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांनी १९९० च्या दशकात प्रयोग केले. दोन कामं, एक फायद्याचं आणि एक कंटाळवाणं. एक तुम्ही घ्यायचं, दुसरं शेजारच्या खोलीतल्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणार. वाटणी तुम्हीच करायची, हवं तर नाणं उडवा. ज्यांनी नाणं उडवलं त्यांच्यातल्या दहांतल्या नवांच्या वाट्याला फायद्याचंच काम आलं. नाणं इतकं लाडकं नसतं कुणाचं. पण त्यांचं म्हणणं, आम्ही न्यायानं वागलो. पुढच्या एका प्रयोगात समोर आरसा ठेवला. स्वतःचं तोंड दिसत असताना नाणं उडवायचं. तेव्हा वाटणी सरळ निम्म्यावर आली.

तुमचा आरसा कोण, ते शोधायला लांब जायला नको. पण त्याआधी पुरूचं उरकू, कारण त्या वक्त्यांनी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली.

व्यासांच्या गोष्टीत शुक्राचार्यांच्या शापानं म्हातारा झालेला ययाती पाच मुलांकडं तारुण्य मागतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू नको म्हणतात, शाप खातात. धाकटा पुरू हो म्हणतो. हजार वर्षांनी तारुण्य परत मिळतं, आणि सोबत गादी. थोरल्याला डावलून धाकट्याला राज्य कसं म्हणून प्रजा विचारायला येते, इतकं ते खटकण्यासारखं होतं. म्हणजे पुरूचा त्याग बिनमोबदल्याचा नव्हता. हो म्हणताना त्याच्या मनात गादी होती का? व्यास एक अक्षर बोलत नाहीत. मला ते फार मोठं वाटतं. ज्याचं मन त्यालाच पुरतं ठाऊक नाही, त्याबद्दल कवीनं तरी का शपथ घ्यावी?

तुम्ही वाचलेल्या कादंबरीत खांडेकरांनी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांना आपापल्या तोंडानं बोलायला लावलंय. १९५९ ची ती कादंबरी अजून वाचली जाते ती नुसत्या उपदेशामुळं नव्हे, असं माझं मत. उपदेश तर त्यात जागोजागी आहे आणि मला तो कधी कधी जड होतो. पण प्रत्येक जण आपली बाजू मांडताना नकळत स्वतःला उघडं पाडतो, ती खरी मजा. देवयानी बोलत असते अपमानाबद्दल, आपल्याला ऐकू येतो मत्सर. तुमचं पत्रही त्याच जातीचं आहे. चार पानं सेवेची, आणि मधूनमधून अडीच एकर.

दुसरा ‘ययाती’ कन्नडातला. गिरीश कार्नाडांचं नाटक, १९६१ चं. ऑक्सफर्डला जायची तयारी चालू असताना, घरच्यांच्या अपेक्षांचं ओझं डोक्यावर असताना तेविशीच्या आतल्या त्या मुलानं ते लिहिलं. तुमच्यासारखाच पेच, फक्त गाडीची दिशा उलटी. तुमच्या मुलाला शाळेत कन्नड आहे म्हणता, त्याला वाचून दाखवायला सांगा. त्या नाटकात पुरूला बायको आहे, चित्रलेखा, नुकतीच लग्न होऊन आलेली. पुरू बापाला तारुण्य देऊन मोकळा होतो. तिला कुणी विचारलेलंच नाही. नवरा एका रात्रीत म्हातारा झालेला, आणि त्याचं तारुण्य सासऱ्याच्या अंगावर. ती सासऱ्याला जे प्रश्न विचारते त्यांची उत्तरं त्याच्याकडं नसतात. शेवटी ती विष घेते, तेव्हा ययातीचे डोळे उघडतात.

तुमच्या पत्रात वहिनी कुठं आहेत? ‘मी आणि घरच्यांनी केलं.’ घरात तुम्ही, आप्पा, शाळकरी मुलगा आणि त्या. म्हणजे ‘घरच्यांनी’ म्हणजे एकट्या वहिनींनी. सासूबाईंचं न्हाणं-धुणं, भांडं देणं-घेणं हे तुमच्या हातून किती झालं आणि त्यांच्या हातून किती, हे मी विचारत नाही, तुम्ही मनाशी मोजा. आणि तिसऱ्या पानावर अर्ध्या ओळीत आहे, ‘तिला ब्लाऊज शिवायचं दुकान टाकायचं होतं बेळगावात, ते राहिलं ते राहिलंच.’ तुमच्या त्यागाला चार पानं, त्यांच्या त्यागाला अर्धी ओळ. तारुण्य दिलं म्हणता, ते नक्की कुणाचं दिलंत?

बहीणही एकदाच येते. चंदगडहून काजू पाठवते म्हणून. अडीच एकरांच्या पाच उल्लेखांत तुम्ही आणि दादा आहात, ती एकदाही नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तुम्हाला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. काजू आवडीनं खाताय तर तिलाही बोलवा त्या बोलण्यात.

तिच्यावरून ययातीच्या गोष्टीचा अखेरचा तुकडा आठवला. तो ना कादंबरीच्या नादात लक्षात राहतो, ना भाषणात कुणी सांगतं. ययाती शेवटी वनात जातो, घोर तप करतो आणि स्वर्गात पोचतो. तिथं इंद्र सहज विचारतो, तपात तुझ्या बरोबरीचा कोण? ययाती म्हणतो, देवांत, माणसांत, महर्षींत, मला तर कुणी दिसत नाही. त्याच क्षणी तो खाली कोसळतो. हजार वर्षं भोगात लोळला त्यानं त्याचा स्वर्ग अडला नव्हता. माझ्याइतकं कुणी केलं नाही, या एका वाक्यानं गेला. आणि त्याला आपलं पुण्य देऊन पुन्हा वर चढवणारे कोण? मुलीची मुलं. जिला यानं एका ऋषीच्या गुरुदक्षिणेसाठी राजाराजांकडं फिरायला देऊन टाकली होती, त्या माधवीची.

मला तुमच्यात जमिनीच्या लोभापेक्षा हे जास्त दिसतं, भाऊ. भीती जुनी झाली. जमिनीची वाटणी कधीतरी होईल, कागदावर उतरेल. पण दादानं सहा महिने आप्पांना सांभाळलं, तेही नीट सांभाळलं, तर संमेलनात लोक कुणाकडं वळून बघतील? आप्पा पुण्याला जायला नकोत, कारण सेवा पुण्याला जायला नको. ती एवढीच एक चीज तुमच्याकडं आहे जी दादाकडं नाही, आणि २४ वर्षं तुम्ही तिच्यावर जगलात. त्या गुरुवारच्या तिकिटाची किंमत तुम्ही तिच्यातूनच फेडत आलात. म्हणूनच वक्त्यांनी पुरू म्हटल्यावर छाती भरली आणि कादंबरी वाचल्यावर झोप गेली.

तुम्ही म्हणाल, दादाच्या मनात तरी काय शुद्ध आहे? नसेलच. आईच्या वेळी आला नाही त्याची टोचणी असेल, त्याच्या बायकोनं बोल लावला असेल, अडीच एकरही असेल. एकदा त्यालाही रात्री दोनला उठू दे. तुम्ही भीतीपायी आलात आणि सेवा करता करता दुसरेच झालात, तशी संधी थोरल्या भावाला नाकारायचा हक्क तुम्हाला नाही.

आता करायचं काय ते थोडक्यात. आप्पांचा तोल जातो, हे आधी बेळगावातच दाखवा, या आठवड्यात. कारण कानात असू शकतं, मेंदूत असू शकतं, कधी नुसत्या रक्तदाबाच्या गोळीनंही तोल जातो. ८१ व्या वर्षी पडून खुब्याचं हाड मोडलं तर पुणे का गाव हा वादच उरणार नाही. भावांच्या रुसव्यापायी तपासणी थांबवू नका.

मग आप्पांना विचारा. चार पानांत आप्पांच्या तोंडचं एकही वाक्य नाही, हेही पेन्सिलीनं मोजलंय. तुम्ही समोर बसून ‘तुम्हाला तिकडं करमणार नाही न्हवं?’ असं विचाराल तर ते नाहीच म्हणतील, ज्याच्या हातचं खातो त्याला माणूस दुखवत नाही. नातवाला विचारू दे. किंवा सकाळी बांधावर उन्हाला बसले असतील तेव्हा विचारा आणि विचारून झाल्यावर गप्प बसा. उत्तराला वेळ लागेल.

जमिनीचं दादाशी वेगळं बोला, आप्पांच्या औषधपाण्यात कालवू नका. ‘मला भीती वाटते’ हे शब्द वापरा. थोरल्या भावाला हे म्हणणं कौलापेक्षा अवघड आहे, मला कल्पना आहे.

तिकिटाचं गावाला सांगायची गरज नाही. दादालाही लगेच नको. वहिनींना सांगा. त्यांनी त्या तिकिटाचे हप्ते तुमच्या बरोबरीनं फेडलेत, कशाचे ते न कळता. त्या रागावल्या तर ऐकून घ्या, हसल्या तरी ऐकून घ्या. आणि दुकानाचं विचारा, मशीन अजून घरात असेल तर.

रताळी काढून झाली की रिकामे व्हाल. आप्पा हो म्हणाले तर त्यांना पोचवायला तुम्ही आणि वहिनी दोघंही जा. पोचवून लगेच परतीच्या गाडीत बसू नका, आठ दिवस राहा तिथं. परतीचं तिकीट इथून काढून नेऊ नका.

आल्यावर कळवा. पत्र वहिनींच्या हातचं आलं तर मला जास्त आवडेल.

तुमची,
आक्का